म्हातारपणाच्या पुंजीवर कर्जाचं घर

ऑस्ट्रेलियातल्या मराठी नोकरदारांना एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. तुमचं सुपर मोठ्या फंडातून काढा, स्वतःचा फंड उभा करा, त्या फंडाच्या नावावर कर्ज काढा आणि भाड्याने द्यायला घर घ्या, असं जो कोणी तुम्हाला सांगेल त्याला दारात उभं करू नका. तो तुमच्याच तालुक्यातला असेल, मुलांच्या मराठी शाळेत तुमच्याबरोबर ताटकळत उभा राहत असेल, तुमच्या बायकोला वहिनी म्हणत असेल. तरीही करू नका.

मी असे फंड तपासते. इथे स्वतः चालवलेल्या प्रत्येक निवृत्ती फंडाचं दरवर्षी स्वतंत्र ऑडिट व्हावं लागतं, आणि तेच माझं काम. जाहिरातीतलं घर, त्याचं अंगण, त्याचा दोन गाड्यांचा गराज माझ्यासमोर येत नाही. घर घेऊन झाल्यावर फंडाच्या खात्यात काय उरलं, ते येतं. ते बघून माझं डोकं फिरतं, म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. सुपर म्हणजे इथला पीएफ. पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम मालकाने कामगाराच्या निवृत्तीसाठी वेगळी भरायची, असा कायदा १९९२ मध्ये आला तेव्हा दर ३ टक्के होता. १ जुलै २०२५ पासून तो १२ टक्के आहे. साधारण साठीपर्यंत या पैशाला हात लावता येत नाही. बहुतेकांचा पैसा मोठ्या फंडांत असतो आणि ते फंड तो शेअर, रोखे, विमानतळ, रस्ते, कार्यालयाच्या इमारती अशा असंख्य ठिकाणी पेरतात. ज्याला हे नको असेल त्याला स्वतःचा फंड काढता येतो. त्यात जास्तीत जास्त सहा सभासद, आणि तेच त्याचे ट्रस्टी. असे सहा लाखांहून अधिक फंड देशात आहेत आणि त्यांच्याकडे एक लाख कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता आहे. इथल्या बोलण्यात त्यांना एसएमएसएफ म्हणतात.

या फंडांबद्दल माझी तक्रार नाही. ज्याची पुंजी मोठी आहे, ज्याला हिशेब कळतो आणि आवडतो, त्याने जरूर चालवावा. डॉक्टरने आपल्या दवाखान्याची जागा किंवा गॅरेजवाल्याने आपली शेड फंडाच्या नावावर घ्यावी आणि बाजारभावाने भाडं फंडात भरावं, याला कायद्याने मुद्दाम वाट ठेवलेली आहे, आणि ती वाट शहाणपणाची आहे. माझा राग आहे तो दोन लाख डॉलरच्या पुंजीला चार लाखांचं कर्ज बांधून पगारदार माणसाच्या गळ्यात घर मारणाऱ्या धंद्यावर.

एक हिशेब मांडते. आकडे नमुन्याचे आहेत, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या फायली याच मापाच्या असतात. नवरा-बायको दोघं नोकरीत, प्रत्येकी लाख डॉलर पगार, दोघांचं मिळून सुपर २,२०,०००. दलाल त्यांना सिडनीत काही दाखवत नाही, कारण इथलं घर त्या पैशात बसत नाही. तो दाखवतो क्वीन्सलँडमधलं, कधी न पाहिलेल्या उपनगरातलं ६ लाखांचं नवं घर. कर्ज ७० टक्के, म्हणजे ४,२०,०००. पदरचे १,८०,०००. स्टँप ड्युटी २०,०००च्या घरात. मग फंड, फंडाची ट्रस्टी कंपनी, कर्ज फिटेपर्यंत घर ज्याच्या नावावर राहतं तो वेगळा ट्रस्ट, त्याचीही एक कंपनी, वकील, कर्जाच्या अर्जाची फी, असे आणखी दहाएक हजार. आता खात्यात उरले १०,०००. दोघांनी पंधरा वर्षं नोकरी करून साठवलेल्या पैशातली तेवढीच रोकड शिल्लक राहिली.

आता वर्षाचा जमाखर्च. आठवड्याला ५५० भाडं, आणि वर्षभरात घर एक दिवसही रिकामं राहिलं नाही असं धरलं तर २८,६०० जमा. साडेसात टक्क्यांनी व्याज ३१,५००. कौन्सिलचा कर, पाणी, विमा, भाड्याची व्यवस्था बघणाऱ्या एजंटचं कमिशन, गिझर आणि नळ, मिळून ७,०००. हिशेबनीस, ऑडिट, सरकारी लेव्ही, कंपन्यांचं वार्षिक शुल्क, मिळून ३,५००. खर्च ४२,०००. तूट १३,४००. आणि यात मुद्दल एका डॉलरनेही फिटलेलं नाही.

ही तूट कुठून भरून निघते? दोघांच्या मालकांकडून १२ टक्क्यांनी फंडात येणाऱ्या २४,००० डॉलरमधून. म्हणजे निवृत्तीसाठी सक्तीने बाजूला काढलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग दरवर्षी त्या घराच्या घशात जातो. दलालाच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं, ‘खिशातून शून्य खर्च’. ही फसवणूक आहे. सुपरचा पैसा हातात दिसत नाही म्हणून तो आपला नव्हेच, असं माणसाला वाटायला लावायचं आणि तोच पैसा उचलायचा. पगारातून महिन्याला हजारावर डॉलर कापून घेतले असते तर याच जोडप्याने दलालाला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर? आयटीमध्ये नोकऱ्या कशा जातात ते आपल्या लोकांना मी सांगायला नको. त्या दिवसापासून येणार वर्षाला १२,०००, जाणार १३,४००. स्वतःच्या खिशातून घालू म्हणाल, तर ज्याचा पगार थांबला आहे त्याला राहत्या घराचा हप्ता भरतानाच घाम फुटलेला असतो. शिवाय फंडात पैसे घालायलाही कायद्याच्या मर्यादा आहेत. हवे तेव्हा हवे तितके ओतता येत नाहीत. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने व्याजदर तेरा वेळा वाढवला, ०.१० वरून ४.३५ टक्क्यांवर नेला. त्या दीड वर्षात माझ्याकडे आलेल्या कित्येक फंडांच्या खात्यात तिमाहीच्या शेवटी शेदोनशे डॉलर दिसत होते. तो म्हणे निवृत्ती फंड!

‘पण करात किती वाचतं’ हे दलालाचं पुढचं वाक्य. फंडाच्या मिळकतीवर १५ टक्के कर आहे, वर्षभरानंतर विकलं तर नफ्यावर १० टक्के पडतो, पेन्शन सुरू झाल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत काहीच नाही. खरं आहे. पण कर कमी असण्याची दुसरी बाजू तो सांगत नाही. तोटा झाला तर त्याचा उपयोगही १५ टक्क्यांच्याच मापाने, आणि तोही फंडाच्या मिळकतीपुरता. तुमच्या पगारातून तो वजा होत नाही. जिथे कर मुळातच कमी आहे तिथे तोट्यातली मालमत्ता नेऊन ठेवायची, याला मी करनियोजन म्हणणार नाही. आणि हीच कमी दराची सवलत तुमच्या जुन्या फंडात तुम्हाला आधीपासून मिळतच होती. ती मिळवायला घराची गरज नव्हती.

जुन्या फंडात आणखी एक गोष्ट होती जिचा उल्लेख या बैठकांमध्ये होत नाही. ती म्हणजे विमा. मोठ्या फंडाच्या सभासदाला बहुतेक वेळा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा गटाच्या दराने आपसूक मिळालेला असतो. सगळा पैसा बाहेर काढून ते खातं बंद केलं की तो विमाही बंद. चाळिशीतल्या मधुमेही माणसाला तसाच विमा नव्याने घ्यायला जाऊ द्या, मग कळेल त्याची किंमत. नियम असा आहे की फंडाच्या गुंतवणूक धोरणात ट्रस्टीने विम्याचा विचार केलेला असला पाहिजे, रोकड किती लागेल याचा आणि सगळा पैसा एकाच ठिकाणी अडकल्याने येणाऱ्या धोक्याचाही.

ते धोरण कसं लिहिलं जातं, ते एका फायलीत मी जवळून पाहिलं. दोन पानी कागद. ‘ट्रस्टींनी विविधतेचा काळजीपूर्वक विचार केला आहे’ असं पहिल्याच परिच्छेदात, आणि खालच्या तक्त्यात स्थावर मालमत्ता ० ते १०० टक्के, रोकड ० ते १०० टक्के, शेअर ० ते १०० टक्के. म्हणजे काहीही केलं तरी धोरणात बसावं अशी सोय. दुसऱ्या पानावर मधेच एका वेगळ्याच कुटुंबाचं आडनाव राहून गेलेलं होतं, कारण मागच्या गिऱ्हाइकाचा कागद पुढच्यासाठी वापरताना ते पुसायला कुणी विसरलं होतं. खाली दोन सह्या होत्या. मी खुलाशासाठी फोन केला तो बाईंनी उचलला. म्हणाल्या, “ताई, पिवळी चिठ्ठी चिकटवली होती तिथे मी सही केली. ट्रस्टी म्हणजे ह्यांचं काम आहे ना ते?” त्या ट्रस्टी कंपनीच्या संचालक होत्या. घर, कर्ज, नियमभंग, दंड, सगळ्याला नवऱ्याइतक्याच जबाबदार. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्या माणसाने ती चिठ्ठी चिकटवली त्याला घर विकल्याचे पैसे मिळाले, फंड काढून दिल्याचे मिळाले, आणि कर्ज जुळवून देणारा त्याचाच भागीदार होता.

नियमभंग कसे होतात तेही ऐका. फंडाच्या घरात तुम्हाला राहता येत नाही. तुमच्या भावाला, मुलीला, सासूबाईंना भाड्याने देता येत नाही, बाजारभावाने सुद्धा नाही. तुमच्या मालकीचं राहतं घर फंडाला विकता येत नाही. आपल्याकडे आई-बाबा पुण्याहून, कोल्हापूरहून सहा-सहा महिने येऊन राहतात. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर रिकामं आहे, आपल्या घरी नातवंडांची गर्दी आहे, म्हणून त्यांना तिथे ठेवलं, की कायद्याचा भंग झाला. मला तो करखात्याला कळवावाच लागतो. मी तो पोटात घालू शकत नाही. दंड ट्रस्टीच्या स्वतःच्या खिशातून जातो, फंडातून भरता येत नाही. प्रकरण फारच चिघळलं आणि फंडाची मान्यता गेली, तर फंडाच्या मालमत्तेवर ४५ टक्क्यांनी कर लागू शकतो. उसन्या पैशातून घर दुरुस्त करता येतं, पण त्यात सुधारणा करता येत नाही. मागे खोली वाढवायची असेल तर ती कर्जाच्या पैशातून नाही. जमिनीचा एक करार आणि बांधकामाचा दुसरा, अशी जोडी एकाच कर्जात बसत नाही, कारण कायदा एका कर्जाला एकच मालमत्ता मानतो. आणि नेमक्या अशाच जमीन-अधिक-बांधकामाच्या जोड्या नव्या वसाहतींत विकल्या जातात.

आता हे कर्ज मुळात आलं कुठून, ते पाहू. १९९३ च्या सुपरच्या कायद्याने फंडांना कर्ज घ्यायला मनाई केली होती. कारण उघड आहे: निवृत्तीचा पैसा बुडू शकतो, पण त्याच्या डोक्यावर देणं असता कामा नये. सप्टेंबर २००७ मध्ये या मनाईला एक फट पाडली गेली. हप्त्याहप्त्याने पैसे भरून घ्यायच्या शेअरसारख्या गुंतवणुकी तेव्हा चालत होत्या, त्या कायद्यात बसत नाहीत असं दिसल्यावर त्यांच्यासाठी सवलत लिहिली गेली. त्या फटीतून लोकांनी घरं आत ढकलली. २०१० मध्ये कलम बदलून ६७ए आलं, काही कडक शर्ती आल्या, पण फट बुजली नाही. परिणाम २०१४ च्या वित्तव्यवस्था चौकशीत आकड्यांसकट नोंदलेला आहे: जून २००९ मध्ये या फंडांचं कर्ज ५० कोटी डॉलरच्या आत होतं, जून २०१४ मध्ये ते ८७० कोटींवर गेलं.

ती चौकशी डेव्हिड मरे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. हा माणूस कॉमनवेल्थ बँकेचा माजी प्रमुख. कर्ज देणं हा ज्याचा आयुष्यभराचा धंदा, त्याने शिफारस केली की सुपर फंडांना थेट कर्ज घेण्याची ही मुभा काढून टाका. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने ती शिफारस फेटाळली. लेबर पक्षाने २०१९ ची निवडणूक ही मुभा बंद करण्याचं आश्वासन देऊन लढवली आणि हरला. त्यानंतर २०२२ मध्ये सत्तेवर येताना ते आश्वासन सोबत आणलं नाही. मधल्या काळात २०१८ च्या सुमाराला मोठ्या बँकांनीच हे कर्ज देणं थांबवलं. कर्ज देऊन पैसा कमावणाऱ्यांना यातला धोका कळला, कायदा करणाऱ्यांना कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता? त्यांची जागा छोट्या सावकारी कंपन्यांनी घेतली, साहजिकच चढ्या व्याजाने. कायदा म्हणतो की कर्ज बुडलं तर देणाऱ्याला फक्त ते घर घेता येईल, फंडाची बाकीची मालमत्ता नाही. छान. म्हणून देणारे सभासदांकडून व्यक्तिगत हमी लिहून घेतात. कायद्याने पुढच्या दाराला घातलेली कडी मागच्या दाराने काढली जाते.

देखरेख करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. कंपन्या आणि गुंतवणुकीवर नजर ठेवणाऱ्या एसिकने २०१८ मध्ये अशा फंडांच्या सल्ल्याच्या २५० फायली तपासल्या. त्यातल्या ९१ टक्के फायलींमध्ये गिऱ्हाइकाचं हित पाहण्याविषयीच्या कायद्यातल्या अटी पाळलेल्या नव्हत्या. १० टक्के प्रकरणांत त्या सल्ल्यामुळे माणूस निवृत्तीच्या वेळी बराच खाली गेलेला असेल, असा निष्कर्ष निघाला. हा सल्ला परवानाधारकांचा होता, हे लक्षात घ्या. २०१९ मध्ये करखात्याने सुमारे १७,७०० फंडांच्या ट्रस्टींना पत्रं पाठवली, कारण त्यांचा ९० टक्के किंवा जास्त पैसा एकाच मालमत्तेत किंवा एकाच प्रकारच्या मालमत्तेत अडकलेला होता. पत्रं पाठवली, ठीक. आग विझवायला पत्र पुरतं का?

खरी भानगड कमिशनच्या कायद्यात आहे. १ जुलै २०१३ पासून गुंतवणुकीच्या सल्लागारांनी विक्रीवर कमिशन घ्यायला बंदी आली. पण घर हे कायद्याच्या व्याख्येत वित्तीय उत्पादन नाही. त्यामुळे शेअरचा फंड विकून कमिशन घेणारा गुन्हेगार, आणि तुमच्या निवृत्तीच्या पैशातून तुम्हाला सहा लाखांचं घर विकून बिल्डरकडून हजारो डॉलर घेणारा राजरोस व्यावसायिक. फंड काढा असा सल्ला द्यायला परवाना लागतो. पण घर दाखवणारा सल्ला देतच नाही, तो नुसता ‘शिकवतो’. मग परवाना असलेला एक जण बाजूच्या खोलीत बसवलेला असतो, तो छापील सल्ला देतो. मी अशी एक बैठक पाहिली आहे, पॅरामाटाच्या एका सभागृहात. बटाटेवडे, चहा, मराठीत भाषण. पडद्यावर एक रेष डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली, दर वर्षी सात टक्के, मधे एकही खड्डा नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने विचारलं की व्याज वाढलं तर काय. वक्ता म्हणाला, “अरे, तू भाड्याच्या घरातच मरणार आहेस का?” सगळे हसले. प्रश्न तिथेच मेला.

त्या चढत्या रेषेला उत्तर द्यायला मला अंदाज बांधावे लागत नाहीत. क्वीन्सलँडमधल्या मोरानबा या कोळशाच्या गावात खाणींची भरभराट होती तेव्हा, २०१२ च्या आसपास, घरांचे भाव सिडनीला लाजवतील असे होते. खाणीतलं काम ओसरलं आणि चार-पाच वर्षांत भाव एक तृतीयांशाच्याही खाली आले. सिडनीतच पाहा: १४ जून २०१९ च्या रात्री मॅस्कॉट टॉवर्समधल्या रहिवाशांना भेगांमुळे बाहेर काढलं गेलं. २००८ साली बांधलेली इमारत. मालक हप्ते भरत राहिले, वर दुरुस्तीची वर्गणीही त्यांच्याच डोक्यावर. राहतं घर असं गेलं तर माणूस कोलमडतो. पण ज्याच्या निवृत्तीचा सगळा पैसा अशा एका फ्लॅटमध्ये आहे, त्याने साठाव्या वर्षी काय करायचं?

भाव वाढतातही, मला माहीत आहे. सिडनीत गेल्या तीस वर्षांत घर घेतलेल्यांनी कमावलं आहे, आणि कर्जाने घेतलेल्यांनी दामदुप्पट कमावलं आहे. पण मराठी कुटुंबाचं इथलं चित्र डोळ्यासमोर आणा. राहतं घर मार्सडन पार्कला किंवा टार्नीटला, त्यावर सात-आठ लाखांचं कर्ज. पुण्यात वाकडला नाही तर हिंजवडीला एक फ्लॅट, तोही भाड्याने. म्हणजे घरांच्या भावांवर या कुटुंबाने आधीच सगळं लावलेलं आहे. सुपर हा एकच पैसा होता जो घरांच्या बाहेर, जगभर पसरलेला होता. तोही ओढून आणून घरातच घालायचा, आणि वर याला धोरण म्हणायचं?

आपली माणसं याला लवकर भुलतात याचं एक कारण मला समजतं, आणि त्याबद्दल मला त्यांची चेष्टा करायची नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने पीएफमधून पैसे काढून घर बांधलं. पाच वर्षं सभासद राहिल्यावर घरासाठी पैसे काढायची मुभा त्या योजनेत होतीच, आणि त्या पैशातून उभं राहिलेलं घरच त्यांच्या म्हातारपणाला पुरलं. पण ते त्या घरात राहिले. त्यांनी पीएफच्या नावावर कर्ज काढलं नव्हतं, आणि त्या घराच्या जिन्यावर पाय ठेवला म्हणून त्यांना दंड झाला नसता. हे दोन व्यवहार एकमेकांचे नात्यागोत्यातलेही नाहीत. दलाल मात्र त्याच आठवणीवर बोट ठेवतो, “बाबांनीही तेच केलं होतं ना?” म्हणतो, आणि आपला माणूस विरघळतो.

निवृत्तीनंतर तरी हे घर उपयोगी पडेल, असं धरून चालू. पेन्शन सुरू केली की दरवर्षी फंडातून ठरावीक किमान रक्कम काढावीच लागते. पासष्टीच्या आत ४ टक्के, पासष्ट ते चौऱ्याहत्तर ५ टक्के, पुढे वाढत जाते. घराची किंमत ९ लाख झाली असेल तर पासष्टीला वर्षाचे ४५,००० काढले पाहिजेत. खर्च वजा जाता भाडं येतं ३०,०००. उरलेले १५,००० आणायचे कुठून? घराचं स्वयंपाकघर तेवढं विकता येत नाही. मग पूर्ण घर विका, बाजार पडलेला असला तरी विका. नवरा-बायकोचा घटस्फोट झाला तरी तेच, एकाचा मृत्यू झाला तरी तेच. विधवा बाईला नवऱ्याचा वाटा द्यायचा तर आधी भाडेकरू काढा, एजंट शोधा, गिऱ्हाइकाची वाट बघा. हे मी पाहिलेलं आहे.

आणि चोरी झाली तर कुणी वाली नाही, हे फंड काढून देताना ठळक अक्षरांत सांगितलं जात नाही. २००९ मध्ये ट्रायो कॅपिटल कोसळलं. तो घरांचा मामला नव्हता, पण धडा इथेही तोच. सुमारे १७.६ कोटी डॉलर लोकांचे गेले. सरकारी देखरेखीखालच्या फंडांतून ज्यांचा पैसा तिथे गेला होता त्यांना २०११ मध्ये सुमारे साडेपाच कोटींची भरपाई मिळाली. स्वतःच्या फंडातून ज्यांनी घातला होता त्यांना एक छदाम मिळाला नाही. फसवणूक तीच, फसवणारे तेच. कायदा म्हणाला, तुम्ही तुमचे ट्रस्टी, तुमचं तुम्ही बघा.

‘माझा पैसा, माझा निर्णय, तुम्ही कोण?’ हे मला ऐकवलं जाईल. या पैशावर जी करसवलत मिळते ती सगळ्या करदात्यांच्या खिशातून येते, आणि हा पैसा बुडाला की म्हातारपणी सरकारी पेन्शनचा भार उचलायलाही तेच करदाते असतात. म्हणून हा पैसा पूर्णपणे तुमच्या मर्जीचा कधीच नव्हता. आणि ज्या निर्णयात बायकोला आपण संचालक आहोत हे माहीत नाही, नवऱ्याला तूट कुठून भरली जाते हे माहीत नाही, आणि माहीत असलेला एकच माणूस बिल्डरकडून पैसे घेतो, त्याला त्या कुटुंबाचा निर्णय मी कसं म्हणू?

कलम ६७ए रद्द झालं पाहिजे. जुनी कर्जं फिटेपर्यंत चालू द्या, नवीन एकही नको. घर विकून निवृत्तीचा पैसा घेणाऱ्याला सल्लागाराचा परवाना आणि सल्लागाराची जबाबदारी लावा, आणि त्याचं कमिशन बंद करा. हे कॅनबेराचं काम आहे, आणि आपण मतदार आहोत. आपल्या खासदाराला दोन ओळी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी या आठवड्यात चार कागद काढावेत: फंडाच्या खात्याचं ताजं विवरण, कर्जाच्या करारातलं व्यक्तिगत हमीचं पान, विम्याची कागदपत्रं, आणि घराचं दोन वेगवेगळ्या एजंटांकडून लेखी मूल्यांकन. ते घेऊन अशा माणसाकडे जावं जो तासाचे पैसे घेतो आणि काहीही विकत नाही. तोटा सोसून बाहेर पडणं काही जणांच्या हिताचं असेल, काहींच्या नसेल. पण ते आकडे पाहून ठरवा, दलालाचा धीर ऐकून नव्हे.

एक काम मात्र कॅनबेराची वाट न बघता होण्यासारखं आहे. आपल्या गणेशोत्सवांत, नाटकांच्या प्रयोगांत, दिवाळी पहाटेला व्यासपीठामागे या मंडळींचे फलक लागतात. कार्यकारिणीतल्या लोकांना मी ओळखते. सभागृहाचं भाडं परवडत नाही, म्हणून प्रायोजक घ्यावे लागतात, हेही जाणते. पण त्या फलकाखाली उभ्या राहिलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवतात तो मंडळाच्या नावामुळे. तेव्हा पुढच्या वर्षी पैसे घेण्याआधी प्रत्येक प्रायोजकाला एक लेखी प्रश्न विचारा: विकलेल्या प्रत्येक घरामागे बिल्डर तुम्हाला किती देतो? आकडा आला तर तो कार्यक्रमपत्रिकेत जाहिरातीखाली छापा. आकडा आला नाही तर पैसे परत करा आणि नाटक साध्या पडद्यासमोर करा.